धबधब्याच्या रस्त्यावरची सून

उस्तादांचं खरं नाव त्यांच्या लायसन्सवर होतं आणि लायसन्स कायम खिशात, त्यामुळे ते नाव कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. गावातले लहानथोर सगळे त्यांना उस्तादच म्हणत. गावाच्या वरच्या अंगाला दाट जंगल होतं आणि त्या जंगलाच्या पार पोटात एक धबधबा. तिथवर जाणारा रस्ता निम्मा दगड, निम्मा चिखल आणि उरलेला सगळा खड्डा. साध्या मोटारी त्या वाटेला फिरकत नसत. बाहेरून आलेली माणसं आपल्या गाड्या गावात ठेवायची, स्टँडवर यायची आणि जीपमध्ये बसायची. त्या जीपवाल्यांत उस्ताद सगळ्यांत जुने. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांचीसुद्धा आता पोटं सुटली होती.

त्यांची जीप हिरवी, लांब अंगाची, मागे समोरासमोर दोन बाकं. मागचं दार गुडघा मारल्याशिवाय लागायचं नाही. उस्ताद तिला कुणाला हात लावू देत नसत. सकाळी जायचे, वर गेल्यावर माणसांना पायवाटेच्या तोंडाशी सोडायचे आणि ती भिजून परत येईपर्यंत सीटवर टोपी तोंडावर घेऊन पडायचे. सुरुवातीच्या दिवसांत ते स्वतः खाली उतरून धबधबा बघून आले होते. पुढे रोज मरे त्याला कोण रडे, तसं झालं.

घरी आले की बायको विचारायची, “कसा आहे आज धबधबा?”

“आहे. पडतोय,” उस्ताद सांगायचे आणि हात धुवायला जायचे.

बायकोने तो धबधबा कधी पाहिलाच नव्हता. जीपमध्ये जागा असेल तर ती गिऱ्हाइकाची, जागा नसेल तर प्रश्नच मिटला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

उस्तादांना एकच मुलगा. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचा. हात अतिशय नाजूक कामाचा, पण गाडीत बसला की दुसऱ्या वळणाला उलटी. ड्रायव्हरच्या पोराला गाडी लागते, यावर स्टँडवर इतके विनोद होऊन गेले होते की आता त्या विनोदांनाच पेन्शन द्यायची वेळ आली होती. पण बापाच्या डोळ्यांचं दुखणं पहिल्यांदा ध्यानात आलं ते याच पोराच्या. जेवताना उस्तादांचा हात लागून पाण्याचा पेला सांडायचा, आणि दर वेळी डाव्या बाजूचाच. मुलाने दोनचार दिवस नुसतं पाहिलं. मग एके दिवशी बापाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

काचबिंदू निघाला. उस्तादांना समोरचं नीट दिसत होतं, पण कडा गेल्या होत्या. नळीतून जग बघावं तसं. डॉक्टर म्हणाले, “औषध घातलंत तर आहे ती नजर टिकेल. गेलेली परत येणार नाही. आणि गाडी आजपासून बंद.”

उस्ताद घरी आले. आल्यावर त्यांनी जीपवर ताडपत्री टाकली, दोरी आवळली, आणि कुणी मेल्यासारखे ओट्यावर बसून राहिले.

त्यानंतर रोज सकाळी ते ताडपत्रीचा एक कोपरा वर करत, आत शिरत, इंजिन सुरू करत आणि थोडा वेळ तसंच घुरघुरू देत. बायको आतून ऐकायची. चहा तोवर गाळायची नाही, इंजिन बंद झालं की मग गाळायची.

शेवटी जीप विकायचं ठरलं आणि एके दिवशी गिऱ्हाईक आलं. बाहेरगावचा माणूस, जुन्या गाड्या घेणारा. तो जीपभोवती फिरला, टायरांवर लाथा मारल्या, बोनेट उघडून नाक मुरडलं. उस्ताद बाजूला उभे होते. आपल्या पोरीला बघायला आलेल्याने पोरीचे दात मोजावेत, तसं त्यांना झालं. तेवढ्यात सून कामावरून आली.

सून गावाबाहेरच्या एका मोठ्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची. खोक्यांच्या चळती उचलायच्या, वरच्या मांडणीवर ठेवायच्या, खालच्या काढायच्या, हे काम ती लग्नाच्या आधीपासून करत होती. बोलायला कमी, चालायला भरभर. तिने त्या माणसाकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, “गाडी विकायची नाहीये.”

“विकायची नाही तर मला बोलावलंत कशाला?” तो माणूस म्हणाला.

“तेव्हा विकायची होती,” सून म्हणाली.

तो गेल्यावर घरात सगळे जमले. कढईतल्या तेलाचा तेवढा आवाज.

“बाबा, मी चालवते,” सून म्हणाली.

उस्तादांना आधी ऐकूच आलं नाही. ऐकू आलं तेव्हा हसू आलं. “अगं पोरी, तुझ्या गोदामात जमीन सपाट असते. वर काय आहे माहितीये ना?”

“जमीन सपाट असते बाबा, पण डोक्यावर दोन पुरुष उंच रचलेल्या काचेच्या बाटल्या असतात. एक चळत घसरली की सगळी रांग घसरते. चूक करायला तिथेपण जागा नसते.”

उस्तादांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, “माझ्याकडे बघू नका. मी चालवली तर आधी मीच ओकेन.”

बायको कढईसमोरून वळून म्हणाली, “इतकी वर्षं तुम्ही गावोगावची माणसं नेलीत. आता ती नेईल. त्यात एवढं तोंड उघडं ठेवण्यासारखं काय आहे? माशी जाईल.”

गाडीची शिकवणी सुरू झाली बसगाड्यांच्या गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात. उस्तादांची शिकवण्याची एकच पद्धत होती, ओरडणे. पोरांना त्यांनी तशीच तयार केली होती. “क्लच! अगं क्लच! पाय आहे की लाकूड?” तिसऱ्या दिवशी सुनेने मैदानाच्या मधोमध गाडी थांबवली, किल्ली काढली आणि सासऱ्यांच्या हातात ठेवली.

“बाबा, एक तर तुम्ही शिकवा, नाहीतर ओरडा. दोन्ही एकदम मला ऐकू येत नाही.”

उस्तादांना आयुष्यात हे कुणी सांगितलं नव्हतं. ते किल्लीकडे बघत बसले. मग त्यांनी ती परत तिच्या तळहातावर ठेवली आणि कसनुशा हळू आवाजात म्हणाले, “क्लच जरा सावकाश सोड.”

पुढे दोन महिने ते तिला आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर नेत राहिले, रिकामी गाडी घेऊन, सुट्टीच्या दिवशी. ती पटापट शिकली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण हिच्या आडात पाणी भरपूर होतं. लायसन्सला जीपचा शेरा लागला. तिने गोदामातली नोकरी सोडली आणि एका सकाळी हिरवी जीप स्टँडवर रांगेत आणून लावली.

स्टँडवरची माणसं काही वाईट नव्हती. चहाचा पेला पुढे केला, “या वहिनी” म्हणाले. पण तिचा नंबर आला की गंमत व्हायची. माणसं जीपजवळ यायची, स्टेअरिंगवर बाई बघायची, एकमेकांना कोपर मारायची आणि मागच्या गाडीत जाऊन बसायची. मागची गाडी बहुधा बुलेटची असायची. बुलेट म्हणजे उस्तादांचाच चेला, त्या रस्त्यावर सगळ्यांत जोरात गाडी हाणणारा. म्हणून ते नाव. तो म्हणायचा, “वहिनी, तुम्ही शाळेच्या मुलांची ने-आण का नाही करत? डांबरी रस्ता, वेळेवर घरी. इथे कशाला जिवाला त्रास?” यात कुचेष्टा नव्हती, काळजीच होती. त्यामुळे जास्त लागायचं.

आठवडाभर जीप रिकामी जायची वेळ आली नाही, कारण ती गेलीच नाही. सून रोज संध्याकाळी यायची, किल्ली खिळ्याला अडकवायची आणि भांडी घासायला बसायची. भांडी जरा जास्तच आपटायची.

शेवटी उस्तादांची बायको म्हणाली, “उद्या मी बसते.”

“कुठे?” उस्तादांनी विचारलं.

“गाडीत. धबधबा बघायला. बाहेरची माणसं बसत नाहीत ना, घरची बसतील. माझ्या बहिणीला सांगते, शेजारच्या नर्सबाईंना सांगते. तुम्हीपण या. नाहीतर राहा घरी, ताडपत्री पांघरून.”

सकाळी निघाले तेव्हा मागच्या बाकांवर तिघी होत्या. उस्तादांची बायको नवीन बूट घालून. तिची धाकटी बहीण उकडलेल्या अंड्यांचा आणि पावाचा डबा मांडीवर धरून. आणि निवृत्त नर्सबाई, ज्यांनी निम्म्या गावाला इंजेक्शनं टोचली होती आणि बाकीच्या निम्म्याला टोचायची धमकी दिली होती. पुढे सुनेच्या शेजारी उस्ताद. शिकवणी सोडली, तर आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्याच गाडीत त्या बाजूला बसले होते. स्टँडवरून जाताना सगळे बघत होते. उस्तादांनी मान ताठ ठेवली, पण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

जंगलाच्या फाटकाच्या आत शिरल्यावर डांबर संपलं. प्रत्येक वळण उस्तादांना पाठीच्या कण्यातून कळत होतं. वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा.

मागून नर्सबाई म्हणाल्या, “उस्ताद, पोटरी धरेल. तिकडे ब्रेक नाहीये.”

तिघी हसल्या. सुनेने हसू दाबलं. उस्तादांनी पाय सीटखाली ओढून घेतला, पण पुढच्या वळणाला तो परत बाहेर आला.

मग तो चढ आला. लाल मातीचा, अंगावर येणारा चढ. वर्षानुवर्षं गाड्या जाऊन तिथे दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या, आणि त्या पाडण्यात मोठा वाटा उस्तादांचाच होता. त्यांची रीत ठरलेली. चाकं चाकोरीत टाकायची, इंजिन बोंबलेपर्यंत पाय दाबायचा आणि चिखल उडवत वर. या चढाच्या गोष्टी त्यांनी घरी इतक्यांदा सांगितल्या होत्या की बायकोच्या डोळ्यांसमोर तो आभाळाला टेकलेला होता.

सुनेने खालीच गाडी थांबवली आणि क्षणभर वर बघितलं.

“चाकोरी धर,” उस्ताद म्हणाले.

“चाकोरी फार खोल गेलीय बाबा. मधल्या उंचवट्यावर पोट टेकेल.”

तिने एक चाक मधल्या उंचवट्यावर घातलं, दुसरं कडेच्या गवतावर, आणि लहान गिअरमध्ये, इंजिनाला न ओरडू देता, गाडी वर चढवायला घेतली. गाडी थोडी तिरकी झाली, पण कुठेही चाक जागच्या जागी फिरलं नाही. उस्ताद बाहेरच्या दांड्याला धरून बसले होते. चिखल उडण्याची, इंजिन बोंबलण्याची ते वाट बघत होते, तोवर गाडी वर पोचलीसुद्धा.

“झाला चढ?” मागून बायकोने विचारलं. “हाच का तो तुमचा?”

‘हाच का?’ असं उस्तादांना स्वतःलाही विचारावंसं वाटलं.

पण खरी गोष्ट पुढेच होती. धबधब्याच्या अलीकडे ओढा लागतो. त्याच्यावर पूल नव्हता. पाण्याखाली मोठाले सपाट दगड बसवले होते आणि गाड्या त्यांच्यावरून पाणी कापत जात. रात्री वरच्या डोंगरात कुठेतरी पाऊस झाला असणार, पाणी गढूळ होतं आणि दगड दिसत नव्हते. उस्तादांना ते दृश्य नवीन नव्हतं. अशा पाण्यातून त्यांनी कितीदा तरी गाडी काढली होती.

सून थांबली. खाली उतरली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, कडेची एक काठी उचलली आणि पाण्यात शिरली. एकेका दगडावर पाय ठेवत, काठीने चाचपत ती मधोमध गेली. तिथे थांबली, पायाने दोनदा दाबून पाहिलं. मग तशीच मागे आली.

“मधला दगड हलतोय.”

“तो हलतोच,” उस्ताद म्हणाले. “माझ्या लग्नाच्या आधीपासून हलतोय.”

“तेव्हा किती हलायचा ते मला माहीत नाही. आज माझ्या पायाखाली हलला. मी गाडी घालणार नाही.”

“अगं, नाकासमोर चालव, एका दमात निघेल. मी आहे ना शेजारी!”

“बाबा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज काही चढला नाही, “गाडी तुमची आहे. पण आज चालवतेय मी. आपण इथे उतरू. वरच्या अंगाला जंगलाच्या रखवालदारांनी पायपूल टाकलाय, तिथून जाऊ. पुढची वाट चालायची.”

उस्तादांच्या तोंडाची चव गेली. या रस्त्यावर त्यांनी कधी गाडी अर्ध्यात लावली नव्हती. आणि नेमकी त्याच वेळी मागून हॉर्नवर हॉर्न मारत बुलेटची जीप आली. गाडीत माणसं खच्चून भरलेली, दोघं तर मागे लटकलेले.

“काय झालं वहिनी? बंद पडली का?”

“नाही. पाणी जास्त आहे. मधला दगड हलतोय.”

“हलू दे की! बाजूला घ्या जरा, आम्हाला जाऊ द्या.”

तिने गाडी बाजूला घेतली. बुलेटने जीप पाण्यात घातली. मधोमध गेल्यावर गाडी एका अंगाला अशी झुकली की आतल्या माणसांनी एकच किंकाळी फोडली, पण दुसऱ्या क्षणी ती सावरली आणि पाणी सांडत पलीकडे निघाली. माणसं आता हसत होती, टाळ्या वाजवत होती. बुलेटने खिडकीतून हात काढून हलवला. गाडीतल्या कुणीतरी मोठ्याने म्हटलं, “बाईमाणसाचं काम नाही हे!”

उस्तादांचे कान गरम झाले. काहीतरी बोलायला म्हणून ते सुनेकडे वळले. ती खाली बसली होती. सासूच्या नव्या बुटांच्या नाड्या सैल झाल्या होत्या, त्या सोडून पुन्हा घट्ट बांधत होती. उस्तादांच्या नजरेला कडा नव्हत्या, त्यामुळे त्यांना तेवढंच दिसलं: दोन हात आणि एक बूट. तिचं तोंड लाल झालेलं असणार, त्या टाळ्या तिलाही ऐकू गेल्या असणार. पण हात आपलं काम करत होते. गाठ नीट बसली की नाही ते तिने बोट घालून पाहिलं, मग दुसऱ्या बुटाकडे वळली.

उस्ताद तिथेच उभे राहिले. आपण आजवर या ओढ्यात किती वेळा पाणी बघून गाडी घातली आणि किती वेळा मागच्या बाकांवरची माणसं बघतायत म्हणून घातली, हा विचार त्यांच्या मनाला पहिल्यांदाच शिवला. उत्तर त्यांना आवडलं नाही. पण त्याच वेळी छातीत दुसरंच काहीतरी भरून येत होतं आणि ते काय आहे ते कळायला त्यांना जरा वेळ लागला.

“चला,” ते म्हणाले. “पायपूल कुठेशी आहे?”

पायपूल म्हणजे दोन ओंडके आणि धरायला एक दोर. सून पुढे झाली. “बाबा, हात माझ्या खांद्यावर ठेवा. मी थांबले की थांबा.” उस्तादांनी हात ठेवला. ज्या माणसाने कुणाच्या मागून चालणं कधी पत्करलं नाही, तो सुनेच्या पावलावर पाऊल टाकत ओंडक्यावरून पलीकडे गेला. मागून नर्सबाई दोघी बहिणींना दम देत होत्या, “खाली बघू नका. पडलात तर टाके मलाच घालावे लागतील.”

पुढची वाट गाडीतून उस्तादांनी हजारदा पाहिली होती, पण पायांनी ती वेगळीच लागली. झाडांच्या मुळांवरून, ओल्या पानांवरून ती वळत गेली. कुठेतरी एक पक्षी एकच सूर पुन्हा पुन्हा लावत होता. मेहुणीने तीनदा बसून घेतलं आणि तिन्ही वेळा डब्यातलं एकेक अंडं कमी झालं. मग पानांच्या पलीकडून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. आधी लांबून, मग पायाखालच्या जमिनीतून.

आणि झाडं संपली.

उस्तादांची बायको जागच्या जागी थांबली. वरून, इतक्या वरून की मान मागे टाकावी लागली, पांढरं पाणी सुटलं होतं आणि काळ्या कातळावर आपटून त्याचा धूर होत होता. तुषार तोंडावर येत होते. ती पुढे झाली. एका दगडावर बसली, सुनेने घट्ट बांधलेल्या नाड्या सोडल्या आणि पाय पाण्यात घातले. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “इतकी वर्षं विचारत होते मी. आहे म्हणे, पडतोय म्हणे! हे असं सांगतात?”

“मग कसं सांगायचं?” उस्ताद ओशाळून म्हणाले.

“निदान हात तरी वर करायचे होते!”

नर्सबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पाण्यात पडायला आला.

उस्तादांना धबधबा एका नजरेत दिसत नव्हता. त्यांनी मान वर केली आणि जिथून पाणी सुटतं ती कड पाहिली. मग हळूहळू खाली येत गेले. मध्येच कातळाला फुटलेलं एक झुडूप, त्याच्या खाली पाण्याचे दोन फाटे, मग पुन्हा एकत्र, मग धूर. एवढ्या बारकाईने त्यांनी तो चांगल्या डोळ्यांनीही पाहिला नव्हता. शेवटी नजर डोहापाशी आली तेव्हा तिथे सून उभी होती, गुडघाभर पाण्यात, तोंड वर करून, डोळे मिटून. आठवडाभर आपटलेली भांडी तिच्या चेहऱ्यावरून उतरून गेली होती.

“पोरी,” त्यांनी हाक मारली. पाण्याच्या आवाजात काही ऐकू जाणार नव्हतंच. म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले. तिनेही केले.

परत ओढ्याशी आले तेव्हा दुपार कलली होती. गाडी वळवायला तिथे जेमतेम जागा होती. एकीकडे ओढा, दुसरीकडे खडक. उस्ताद दिशा दाखवायला म्हणून खाली उतरले, हात वर करून उभे राहिले. “ये, ये, अजून ये...” ते म्हणायला लागेपर्यंत सुनेने गाडी मागेपुढे, मागेपुढे करत वळवून त्यांच्यासमोर आणून उभी केली होती. गोदामातल्या अरुंद बोळांत तिने जन्म काढला होता. उस्ताद हात खाली घेऊन गुपचूप आत बसले.

स्टँडवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बुलेट चहा पीत उभा होता. “काय उस्ताद!” तो म्हणाला. “सूनबाई पाण्याला घाबरल्या म्हणे?”

चारपाच ड्रायव्हर हसले. सून मागचं दार लावायला गुडघा मारत होती, तिने ऐकलं.

उस्ताद सावकाश खाली उतरले. “हो, घाबरली,” ते म्हणाले. “आणि घाबरल्यावर थांबली. माझी बायको तिच्या गाडीत होती, मेहुणी होती, या नर्सबाई होत्या. शेजारी मी बसून ‘घाल गाडी, घाल गाडी’ म्हणत होतो, तरी थांबली. तू टाळ्या घेत पलीकडे गेलास, तेव्हाही थांबलीच. बुलेट, तुला गाडी मी शिकवली ना?”

“तुम्हीच शिकवलीत उस्ताद.”

“चालवायला शिकवली. थांबायला नाही शिकवली, कारण मलाच येत नव्हतं. ते हिचं हिला येतं.” त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “या रस्त्याला माझ्यापेक्षा चांगला ड्रायव्हर मिळालाय. माझ्याच घरात मिळाला, याची मला लाज वाटावी की काय? माझ्या अंगावर तर मूठभर मांस चढलंय.”

बुलेटने पेला खाली ठेवला. तो मुळात मनाचा वाईट नव्हताच. “वहिनी, चहा घ्या,” तो म्हणाला.

“साखर कमी,” सून म्हणाली.

त्यानंतर एका दिवसात जग बदललं असं नाही. पण नर्सबाईंचं तोंड म्हणजे गावाचा भोंगा. दवाखान्यात, बाजारात, केस कापायच्या दुकानात त्यांनी चढ, ओढा आणि धबधबा ज्याला त्याला ऐकवला. मग एके दिवशी तान्हं मूल घेऊन आलेलं एक जोडपं रांगेतल्या दोन गाड्या सोडून हिरव्या जीपपाशी आलं. मग गुडघे दुखणारी आजोबा-आजींची टोळी. मग लोक येऊन विचारायला लागले, “त्या बाई ड्रायव्हर आहेत का आज?” पाण्यापाशी ती आजही उतरते. बहुतेक वेळा गाडी पलीकडे नेते, कधीतरी नेत नाही. न्यायची नसेल त्या दिवशी माणसं कुरकुर करत चालतात आणि संध्याकाळी तिच्याच गाडीतून हसत परत येतात.

एका सकाळी उस्ताद स्टँडवरच्या बाकावर बसले होते. समोरून बुलेट येत होता, एका वाकलेल्या म्हातारीचा हात धरून. स्वतःच्या जीपला वळसा घालून तो हिरव्या जीपपाशी थांबला.

“वहिनी, ही माझी आई,” तो म्हणाला. “धबधबा बघायचाय म्हणते. कंबर दुखते तिची. तुमच्या गाडीत पुढे बसवाल?”

“तुमची गाडी आहे की,” सून म्हणाली.

“माझ्या गाडीत ती बसत नाही,” बुलेट म्हणाला आणि जमिनीकडे बघून हसला. “म्हणते, तू हाणतोस.”

सुनेने म्हातारीला पुढे बसवलं, पाठीशी उशी लावली. गाडी गेली. बुलेट ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभा राहिला आणि मग नसलेली धूळ झटकत आपल्या गाडीकडे गेला.

उस्ताद उठले. घर तिथून जेमतेम दोन गल्ल्यांवर. पण वाटेत न्हावी भेटला, त्याला सांगितलं. सायकल दुरुस्त करणारा भेटला, त्याला सांगितलं. बसची वाट बघत असलेल्या एका संपूर्ण अनोळखी माणसाला सांगितलं. तो म्हणाला, “अरे वा,” आणि त्याची बस चुकली. घरी पोचेपर्यंत जेवायची वेळ झाली. दारात बायको उभी होती. तिला सगळं आधीच कळलं होतं, नर्सबाई येऊन गेल्या होत्या.

“अगं, आज काय झालं ऐकलंस का?” उस्ताद म्हणाले.

“नाही बाई,” ती म्हणाली आणि ऐकायला ओट्यावर बसली.